किल्ली की चिठ्ठी

चौकशी समितीने मला चौदा प्रश्न विचारले आणि चौदाही चुकीचे विचारले. भाषांतरक यंत्र कोणत्या आवृत्तीचं होतं, चाचण्या किती झाल्या, सही कोणाची होती, असलं सगळं. तीन सदस्य, तीन पाण्याच्या बाटल्या आणि खोलीत असा गारवा की मला स्वेटर हवासा वाटला. मी सगळी उत्तरं दिली. पण एकोणतीस एप्रिलला दुपारी बारा ते एक मी खुर्चीवरून का उठले नाही, हे कोणी विचारलं नाही. ते इथे लिहिते.

आमचं शहर कोळशाच्या खाणींचं. उन्हाळा इथे पूर्वीपासूनच कडक, पण २०३० नंतर तो माणसं मारू लागला. पारा सत्तेचाळीसच्या वर गेला की विजेची मागणी इतकी चढते की सगळी जाळी कोसळू नये म्हणून दुपारी बारा ते पाच वस्त्यांचा पुरवठा बंद करावा लागतो. म्हणजे ज्या वेळी कूलर हवा, नेमका त्याच वेळी तो मुका. म्हणून शाळांच्या तळघरांत गारवाघरं बांधली आणि उष्मा कक्ष नावाचं आमचं कार्यालय निघालं. काम एकच. ज्या माणसाला घरात धोका आहे त्याला अकराच्या आत गाडी पाठवून गारवाघरात आणायचं. गाड्या सहा, माणसं हजारो. म्हणून यादी.

ती यादी हेमराज नगराळे सरांनी लिहिली. लिहिली म्हणजे नावं नव्हे, नावं निवडणारी आज्ञावली. शहरातल्या प्रत्येक नोंदलेल्या घराच्या भिंतीवर तापमान सांगणारी एक पट्टी आहे. यादी ती वाचते, माणसाचं वय, आजार, एकटेपण बघते आणि रोज सकाळी सहाला नावं काढते. तिच्यात हाताने नाव घालायची सोय नाही. सुरुवातीला होती. मग एका उन्हाळ्यात एका नगरसेवकाचे व्याही, साडू आणि त्यांचे व्याही गारवाघरात पत्ते खेळत बसले, आणि मागच्या गल्लीतली एक विधवा बाई चुलीशेजारी मेलेली सापडली. सरांनी दुसऱ्या दिवशी ती सोय उपटून टाकली. वर लिहून ठेवलं, "नाव फक्त यादी घालेल." त्यावरून त्यांची दोनदा बदली करायचा प्रयत्न झाला. ते हलले नाहीत.

मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. चांगला माणूस, पण हाताखालच्याला नकोसा करणारा. माझी प्रत्येक ओळ ते वाचत, चष्मा कपाळावर सरकवून, आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं विचारत, "निरंजना, हे फंक्शन किल्ली घेऊन निघालं की चिठ्ठी?"

हे एकदा समजावून सांगायला हवं, कारण सगळं याच्यावर आहे.

यादीतून हवं ते निवडायचं असेल तर हल्ली कोणी लांबलचक आज्ञा लिहीत बसत नाही. प्रत्येक भाषेत त्यासाठी तयार संच असतात. त्यांत एकामागे एक गाळण्या लावायच्या. सगळे नागरिक घे, वयमर्यादेच्या वरचे ठेव, त्यातले आजारी किंवा एकटे ठेव, घराच्या तापमानाप्रमाणे रांग लाव, त्या क्रमाने गाड्यांना वाटून दे. एका भाषेत या गाळणीला फिल्टर म्हणतात, दुसरीत व्हेअर, काम तेच. गंमत अशी की ही साखळी लिहिली की लगेच चालत नाही. ती बांधून ठेवायची आणि हवी तेव्हा चालवायची. आमची साखळी एक मार्चला बांधली जायची आणि जूनपर्यंत रोज चालायची.

गाळणीला एक छोटं फंक्शन द्यावं लागतं, "वय मर्यादेपेक्षा जास्त आहे का?" एवढंच विचारणारं. आता ही मर्यादा फंक्शनच्या आत नसते, बाहेर असते. फंक्शन जिथे जन्मलं तिथली ही वस्तू, आणि ते ती सोबत घेऊन निघतं. अशा फंक्शनला क्लोजर म्हणतात. सर म्हणायचे, माणूस गाव सोडताना घरचं काहीतरी घेऊनच निघतो. प्रश्न एवढाच की काय घेतो. काही भाषांत फंक्शन घरच्या कपाटाची किल्ली घेतं, म्हणजे दर वेळी कपाट उघडून आज आत काय आहे ते बघतं. काही भाषांत ते निघताना आकडा एका चिठ्ठीवर उतरवून घेतं. मग कपाटात काही का बदलेना, ते चिठ्ठीच वाचत राहतं.

आमची वयमर्यादा रोज बदलायची. पारा सत्तेचाळीसच्या आत असेल तर पंचाहत्तर, वर गेला की साठ. सरांच्या भाषेत क्लोजर किल्ली घेऊन निघायचं. मर्यादा बदलली की यादी आपोआप बदलायची.

सर निवृत्त झाले आणि सात वर्षांनी, २०४७च्या फेब्रुवारीत, वरून हुकूम आला की सगळ्या जुन्या आज्ञावल्या नव्या भाषेत न्यायच्या. त्यासाठी भाषांतरक यंत्र मिळालं. पंधरा वर्षांचं काम ते दोन दिवसांत करून द्यायचं, आणि वाचायलाही सुरेख. नव्या भाषेत शेकडो कामं एकाच वेळी चालतात. बदलत्या आकड्याला दोन कामांनी एकदम हात घातला तर घोळ होतो, म्हणून ती भाषा फंक्शनला सांगते की काय लागेल त्याची आपली स्वतःची प्रत घे आणि नीघ. चिठ्ठी. किल्ली हवी असेल तर तसं मुद्दाम लिहावं लागतं. यंत्राने लिहिलं नाही.

सरांचा फोन आला होता. "भाषांतर करून राहिली म्हणे. मला दाखव एकदा. सगळं नको, क्लोजरं तेवढी."

मी म्हटलं, "सर, चारशे बारा चाचण्या आहेत. सगळ्या पास झाल्या."

"चाचण्या ठीक आहेत ना. पण नजर…"

"तुम्ही आराम करा, सर."

"बरं," ते म्हणाले. फोन ठेवताना मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी, कक्षाची मुख्य आज्ञालेखक, आणि या माणसाला एकदा तरी नाही म्हणता आलं याचा मला आनंद झाला होता.

चाचण्या पास होणारच होत्या. चाचणीत आम्ही आधी मर्यादा ठरवायचो, मग साखळी नव्याने बांधायचो आणि ताबडतोब चालवायचो. दर वेळी नवी साखळी, म्हणजे दर वेळी ताजी चिठ्ठी. आमची ही वर्षानुवर्षांची पद्धत. पण खरी साखळी एक मार्चला बांधली. त्या दिवशी पारा अडतीस होता. चिठ्ठीवर आकडा उतरला पंचाहत्तर आणि तोच राहिला.

मार्च-एप्रिल कक्षाचे फार सुखात गेले. याद्या छोट्या निघत होत्या, गाड्या दहालाच परत येत होत्या. आमचे प्रमुख उराडे साहेब यांचा नव्या यंत्रणेबद्दल सत्कार झाला, शाल मिळाली. पंचेचाळीस अंशांत शाल. फोन यायचे अधूनमधून, "आमच्या बाबांचं नाव नाही आलं हो." फोनवरची मुलगी ठरलेलं उत्तर द्यायची की नाव फक्त यादी घालते. सरांचंच वाक्य होतं ते.

एकोणतीस एप्रिलला पारा एकोणपन्नासवर गेला. त्या उन्हाळ्यातला सत्तेचाळीसच्या वरचा तो अकरावा दिवस. बाराला पाच मिनिटं कमी असताना सरांचा फोन आला.

"निरंजना, फोन करणार नव्हतो. पण गाडी अजून आली नाही."

सर महिनाभर अमरावतीला मुलीकडे, सुकेशिनीकडे होते आणि आदल्याच दिवशी परतले होते. वय सदुसष्ट, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, घरात एकटे. अशा माणसाचं नाव यादीत नसणं शक्यच नव्हतं.

"येईल, सर. उशीर झाला असेल."

"सकाळपासून पिशवी भरून बसून आहे दारात. पाणी, गोळ्या, टॉवेल. सुकेशिनीनं दही-पोहे करायला सांगितले होते, तेही घेतले." ते हसले. "आपलीच यादी आहे म्हणा. येईल."

मी यादी उघडली. नाव नव्हतं.

आता काय करायचं ते कोणालाही कळेल. माझी स्कूटर खाली उभी होती. सरांचं घर सात किलोमीटर. मी गेले असते, रिक्षा पकडून त्यांना तिच्यात घातलं असतं, साडेबाराला ते गारवाघरात असते. उराडे साहेब ओरडले असते, ओरडू दे.

मी गेले नाही. मी चूक शोधायला बसले. नोंदणीत चूक असेल, पट्टी बंद असेल, सरांनीच पत्ता बदलला असेल. कोणाचीही चालली असती, फक्त माझ्या भाषांतराची नको होती. माणूस तिकडे तापत होता आणि मी स्वतःला निर्दोष ठरवत होते. समितीला हे आपणहून सांगितलं तर एक सदस्य म्हणाले, "बाई, भावनेत जाऊ नका."

नोंदणी ठीक होती. पट्टी चालू होती, घरात त्रेचाळीस दाखवत होती. मर्यादा छापून पाहिली, साठ. बरोबर. साखळी चाचणीत चालवली तर सरांचं नाव पटकन आलं. खऱ्या यादीत नाही, चाचणीत आहे. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. अर्धा तास मी या दोघांच्या मध्ये फिरत राहिले.

साडेबाराला त्यांना फोन केला. आवाज जड झाला होता.

"शेजारचा दिनेश म्हणून राहिला, मोटरसायकलवर सोडून देतो. जाऊ का त्याच्यासंग?"

एकोणपन्नास अंशांत हृदयरोग्याला दुचाकीवर नेऊ नये, असं आमच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. ते मला तोंडपाठ होतं. "नको, सर. थांबा. गाडी येईल."

"तू म्हणतेस तर थांबतो."

फोन ठेवल्यावर कधीतरी डोक्यात त्यांचा जुना प्रश्न वाजला. सगळ्या टेबलांना ऐकू जाणारा. मी ती ओळ उघडली. दोन महिन्यांत मी ती पहिल्यांदा वाचत होते. फंक्शन प्रत घेऊन निघालं होतं. एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

दुरुस्ती एका शब्दाची. पण चालू यंत्रणेत बदल करायला उराडे साहेबांचा अंगठा लागतो आणि साहेब बैठकीत. त्यांना बाहेर बोलावून, समजावून, अंगठा घेऊन यादी चालवायला दीड वाजला. सकाळी आणलेले वगळून तेराशे बारा नावं बाहेर पडली. पडद्यावर ती सरकत होती, थांबतच नव्हती. सगळी साठ ते पंचाहत्तरमधली, सगळी सकाळपासून घरात बसलेली. साहेब मागे उभे होते. म्हणाले, "म्हणजे हे सगळे रोज…"

सरांचं नाव एक्केचाळिसावं होतं. पत्र्याची घरं जास्त तापतात, ती आधी. त्यांना वर ओढायची सोय यंत्रात नव्हती, आणि असती तरी त्यांनी ती चालू दिली नसती. सहाही गाड्यांना पत्ते वाटेपर्यंत अडीच वाजले आणि मग मी स्कूटर काढली. आता काढली. मी आणि गाडी बरोबरच पोचलो, दोन वाजून पन्नास मिनिटांनी. सर दारातल्या खुर्चीत होते, पिशवी मांडीवर, हात पिशवीच्या बंदांत अडकवलेले. अंगाला घाम नव्हता. घाम संपला की शरीराकडे स्वतःला थंड करायचा दुसरा उपाय नसतो. ताप एक्केचाळीस पूर्णांक आठ.

ते वाचले. डॉक्टरांनी सुकेशिनीला सांगितलं ते मी दाराशी उभी राहून ऐकलं. इतक्या तापात मेंदूच्या काही पेशी मरतात. कोणाचा तोल जातो, कोणाची वाचा. यांच्या नव्या आठवणी बसवणाऱ्या पेशी गेल्या होत्या. जुनं सगळं शाबूत राहील, नवं काही टिकणार नाही.

सुकेशिनी बाहेर आली. सरांची एकुलती एक मुलगी, अमरावतीला शाळेत शिकवते. तिने मला विचारलं, "ताई, दिनेशदादा म्हणतो तो न्यायला तयार होता. बाबांना थांबा म्हणून तुम्ही सांगितलं?"

"हो."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

आधीच्या दहा दिवसांची यादी मी नंतर काढली. कोणी सांगितलं नव्हतं. तीच साखळी, एक गाळणी जास्त, घरी मृत्यू. त्रेसष्ट नावं आली. उराडे साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "हे उन्हानंच गेले हे कशावरून? वय होतं ना बाई यांचं." मी तो कागद समितीला दिला. फेब्रुवारीत सरांनी क्लोजरं दाखव म्हटलं होतं आणि मी दाखवली नाहीत, हेही लेखी दिलं. अहवालात दोष "भाषांतरक यंत्राच्या अंगभूत मर्यादां"वर गेला. माझा जबाब वैयक्तिक स्वरूपाचा म्हणून वगळला गेला. मला कोणी काढलं नाही. उलट आता प्रत्येक आज्ञावलीतली क्लोजरं डोळ्यांनी तपासायचं काम माझ्याकडे आहे. मी प्रत्येक ओळ वाचते. हाताखालची पोरं मला कंटाळली आहेत.

ऑगस्टमध्ये सुकेशिनीचा फोन आला. म्हणाली, "तुम्हाला माफ नाही केलं मी. पण बाबा दिवसभर गप्प बसून राहतात. कामाचं बोलणारं कोणी असलं तर बोलतील. या तुम्ही."

तेव्हापासून दर रविवारी मी अमरावतीला जाते.

सर तिच्या घरात दाराशी खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांच्यासाठी रोज एकोणतीस एप्रिल असतो, सकाळचे अकरा वाजून गेलेले. मांडीवर पिशवी. सुकेशिनी रोज तीत पाणी, गोळ्या, टॉवेल आणि डबा भरून देते. नाही दिला तर ते घरभर शोधत फिरतात.

पहिल्या रविवारी मी ठरवून गेले होते की खोटं बोलायचं नाही. म्हटलं, "सर, गाडी येणार नाही. तो दिवस होऊन गेला." गाडी येणार नाही म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत? ते उठले, टॉवेल डोक्याला बांधला आणि चालत गारवाघर गाठायला रस्त्यावर निघाले. भर पावसात, चप्पल न घालता. तिसऱ्या चौकात आम्ही दोघींनी त्यांना धरलं. ते सुकेशिनीला विनवत होते, "सोड ना बाई, घरात मरीन मी." त्या संध्याकाळी मी परत निघताना तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "पुन्हा तसं बोलू नका."

आता डिसेंबर आहे. परवाच्या रविवारी अमरावतीला कडाक्याची थंडी होती. सुकेशिनीने त्यांच्या अंगावर घोंगडी घातली, त्यांनी उकडतं म्हणून ती काढली. मी समोर बसले.

"निरंजना, बरं झालं आलीस. गाडी अजून आली नाही."

"यादीत चूक झाली, सर." मी घडी घातलेला कागद काढला. दर रविवारी तोच कागद, घड्यांवर फाटत आलेला.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मला सत्तर मिनिटं आणि एक माणूस लागला होता. त्यांना मिनिटभर लागलं. बोट त्या ओळीवर थांबलं.

"चिठ्ठी नेली ना यानं. किल्ली न्यायला पाहिजे होती." मग वर पाहिलं. "कोणी केलं हे?"

"यंत्राने. मी वाचलं नाही."

"मला दाखवायचं ना."

"तुम्ही म्हणाला होतात, सर. मीच दाखवलं नाही. मला राग होता तुमचा."

ते माझ्याकडे बघत राहिले. दर वेळी असेच बघतात आणि पुढे काय म्हणणार ते मला पाठ असतं. "लय छळलं मी तुला," ते म्हणाले. "जाऊ दे. चूक सापडली ना, मग झालं. दुरुस्त कर अन् यादी चालव. माझ्यासारखे किती बसून असतील घरात."

ही माफी दहा मिनिटं टिकते. मग ते विसरतात आणि मी पुन्हा कागद काढत नाही. एका रविवारी एकदाच, असं मी ठरवलं आहे.

"केली दुरुस्त, सर. यादी चालवली."

"नाव आलं माझं?"

"आलं. एक्केचाळिसावं."

"बरं आहे. आधीच्यांना आधी नेऊ दे." त्यांनी पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळले आणि रस्त्याकडे पाहिलं. बाहेर पोरं शेकोटीसाठी काटक्या गोळा करत होती. "म्हणजे थांबू मी?"

आतून सुकेशिनी दाराशी येऊन उभी राहिली होती.

"थांबा, सर," मी म्हटलं. "गाडी येईल."